आपामसाठी वाकडी वाट

आपाम,
३० जानेवारी १९७८

ती. अराबाअक्का यांस,
धाकटी एकुआ हिचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार कागदावर घातला आहे. तुम्ही समोर आलात तर वाकून घालेन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा. पत्र माझ्याच हातचं आहे. चर्चमध्ये मोठ्या बायकांचा वर्ग चालतो, तिथे तीन वर्षं पाटी घासली. तेव्हा हे कोणाकडून लिहवून घेतलं, असा शोध लावत बसू नका.

तुमची अजोआ बाळंत व्हायची आहे आणि फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही कुमासीहून अक्राला तिच्याकडे पंधरा-वीस दिवस राहायला येताय, असं ऐकलं. देव तिला सुखरूप मोकळी करो. ती यांचीही लेक आहे, म्हणून एवढं म्हणायचा मला हक्क आहे. अक्रापासून आपाम दोन तासांवर. सकाळच्या गाडीत बसायचं, अंकामूच्या फाट्यावर उतरायचं, तिथून समुद्राकडे येणारी मिळेल ती गाडी धरायची. संध्याकाळी नातवंडाजवळ परत. फक्त मंगळवारी या. मंगळवारी कोणी समुद्रावर जात नाही, होड्या वाळूवर असतात, वडीलधारे सगळे घरी सापडतात.

काम काय ते सांगते. आपल्या नवऱ्याची (‘आपल्या’ लिहिताना माझीही लेखणी अडखळली) ऑक्टोबरात उजवी बाजू गेली. पाय उचलत नाही, हात उचलत नाही, तोंड वाकडं झालंय. तेव्हापासून यांचा भाचा क्वेसी दर रविवारी चर्चमधून सरळ आमच्याकडे येतो. मामाची विचारपूस दोन मिनिटं, मग खोल्याखोल्यांतून हिंडणं. परवा दोरी घेऊन आला आणि पाचही खोल्या मोजून गेला. काय रे मोजतोस, असं विचारलं तर म्हणाला, मामी, मापं काढून ठेवलेली बरी असतात.

आपल्यात पुरुष गेला की घर बहिणीच्या लेकाचं आणि बायकापोरं रस्त्यावर, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण माणसाने जिवंतपणी, वडीलधाऱ्यांसमोर, आपण होऊन दिलं आणि मुलांनी जिनची बाटली ठेवून आभार मानले, की मग भाच्याला उंबऱ्यालाही हात लावता येत नाही. झटका यायच्या आधीपासून यांच्या मनात होतं, घर पाचही मुलांना द्यायचं. तुमची दोन, माझी तीन. मी क्वान्सा आजोबांकडे गेले. यांच्या घराण्यात तेच सगळ्यात वडील. ते म्हणाले, छपराचे पत्रे थोरलीच्या पगारातून आलेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती नसताना दिलेलं घर म्हणजे पाठीमागून दिलेलं घर. ती आली तर मी बसतो, नाही आली तर मला बोलावू नकोस.

म्हणून लिहिलं. माझ्यासाठी येऊ नका. तुमचं तोंड बघायची मला हौस नाही आणि तुम्हाला माझं बघायची नसेल. तुमच्या दोघा मुलांसाठी या.

कळावे. लोभ आहे असं खोटं लिहवत नाही. उत्तर मात्र लिहा.

एकुआ


कुमासी,
९ फेब्रुवारी १९७८

एकुआस,
आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ते तपासून सोबत परत पाठवते आहे. चुका लाल शाईने दाखवल्या आहेत, एकूण एकतीस. तेहतीस वर्षं शाळेत हेच केलं, हात गप्प बसत नाही. ‘हक्क’ हा शब्द तुला लिहिता आलेला नाही. त्यात नवल नाही.

आता वाट वाकडी करण्याबद्दल. अक्राला मी फिरायला जात नाही. बाळंतिणीचं शेकणं, बाळाचं अंग, आठव्या दिवशी नाव ठेवायचं, आल्यागेल्याचं जेवण, हे सगळं मलाच बघायचं आहे. त्यातून एक दिवस काढून मी ट्रोट्रोच्या खटाऱ्यात कोंबड्या आणि टोपल्यांच्या मध्ये अंग चोरून बसायचं, फाट्यावर धूळ खात उभं राहायचं, आणि एवढं करून पोचल्यावर बघायचं काय, तर मिठाची डबकी, माशांचा धूर आणि तू. अजोआचा नवरा सांगतो, अक्राला आलेले गोरे पाहुणे आपामचा किल्ला बघायला जातात. एक नारळ पिऊन परत येतात आणि म्हणतात, एवढं काही नाही. माझंही तेच मत आहे, न जाताच.

तुझा नवरा चौदा वर्षांपूर्वी आईच्या मयताला म्हणून आठ दिवसांसाठी गेला. पिशवीत तीन सदरे मीच घडी करून घातले. नववा दिवस अजून उजाडायचा आहे. त्याने दुसरं घर मांडलं हे मला कोणी सांगितलं माहीत आहे? कुमासीच्या बाजारात सुके मासे विकणाऱ्या बाईने. मासे तोलता तोलता.

तुझा खरा बेत मला कळत नाही असं समजू नकोस. धडधाकट होता तोवर तो तुझा. आता लोळागोळा झाला तर एकदम ‘आपला’. मी आले की चार म्हाताऱ्यांसमोर म्हणशील, पहिला मान थोरलीचा, घेऊन जा. मी नेणार नाही. आणि माझ्या दोघांसाठी या म्हणतेस, तेही खोटं. जोजो ताकोराडीच्या बंदरात नोकरीला आहे, अजोआला तिचं घर आहे. समुद्राकाठच्या खोलीची गरज तुझ्या तिघांना आहे. खोटं लिहायचं असेल तर निदान शुद्ध लिहावं.

कळावे. यापुढे मला अक्का म्हणू नकोस. माझ्या पाठच्या बहिणी दोन होत्या, दोघी गेल्या.

अराबा एसुमान


आपाम,
१७ फेब्रुवारी १९७८

अराबा अक्काबाई यांस,
नमस्कार वि. वि.

अक्का नको म्हणालात, म्हणून अक्काबाई म्हणते. निदान फेरा तरी आमच्याकडे होईल.

तुमची लाल शाई मी वर्गात सगळ्यांना दाखवली. आमचे मास्तर म्हणाले, एकतीस नाहीत, एकोणतीस. दोन ठिकाणी बाईच चुकल्यात.

पण एक बरोबर बोललात. गरज माझ्या तिघांची आहे. धाकटा आठ वर्षांचा आहे. उद्या क्वेसीने बाहेर काढलं तर मासे भाजायच्या भट्ट्यांच्या आडोशाला निजवावं लागेल, दुसरी जागा मला नाही. तुमच्या दोघांचं नाव पुढे केलं ते चुकलं. आता तुम्हीही एक ऐका. लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं की थोरलीने यांना टाकलं, भांडीकुंडी बाहेर फेकली. ते खोटं आहे हे कळेपर्यंत माझी पहिली चालायला लागली होती. मी तुमचा नवरा चोरला असं चौदा वर्षं सगळे म्हणतात. मला चोरीचा माल विकला गेला, असं कोणी म्हणत नाही.

यांना न्यायला कोण सांगतंय? नेऊ म्हणालात तरी देणार नाही. धुते, पुसते, कूस बदलते. हातांना माशांचा वास असेल, पण ते हात तुमच्याकडे मदत मागत नाहीत.

आणखी एक लिहिणार नव्हते, पण लिहिते. यांच्या तोंडून आपली भाषा गेली. पाणी नाही, दुखतंय नाही, पोरांची नावं नाहीत. उरलीत फक्त स्टेशनं. बावीस वर्षं गार्डाच्या नोकरीत ज्या लायनीवर काढली, ती सगळी लायन. कुमासी, बेक्वाई, ओबुआसी, अशी गाडी सकाळी सुटते. मी जन्मात रेल्वेत बसले नाही. टार्क्वा म्हणजे तहान आणि सेकोंडी म्हणजे कूस बदल, हे चाचपडत शिकले. पण डंक्वा आलं की थांबतात. पुढचं स्टेशन येतच नाही. डंक्वा, डंक्वा, आणि डोळ्यांतून पाणी. मी पाणी देऊन बघितलं, भांडं देऊन बघितलं, धाकट्याला जवळ बसवून बघितलं. त्यातलं काहीच नसतं. डंक्वाला काय होतं? तुम्ही तिथे बिऱ्हाड केलं होतंत एवढं मला माहीत आहे. दोन ओळींत लिहिलंत तरी चालेल. हवं असेल ते मी आणून देईन.

मंगळवार ७ मार्च. क्वान्सा आजोबांना हीच तारीख मी तुम्हाला न विचारता सांगून टाकली आहे. नाही आलात तर सगळ्या गावात माझं तोंड काळं होईल. तेवढ्या सुखासाठी न यायचा मोह तुम्हाला होणार, हे मला ठाऊक आहे. बघा, आवरला तर.

कळावे. मुलांचे नमस्कार. त्यांना मी घालायला लावले.

एकुआ


आपाम,
२८ फेब्रुवारी १९७८

ती. मामी सौ. अराबा एसुमान यांच्या चरणी,
मुक्काम अक्रा.
भाचा क्वेसी याचा सा. न. वि. वि.

अजोआताईला कन्यारत्न झाल्याचे कळले. परम संतोष झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप असोत.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण येत्या मंगळवारी इकडे येणार, अशी आवई उठली आहे. आपली तब्येत, आपले वय, यांचा विचार करून सुचवावेसे वाटते की वाट वाकडी करावी असे आपामला काही नाही. फाट्यापासून पुढचा रस्ता खड्ड्यांचा आहे. गाड्या भरल्याशिवाय सुटत नाहीत. उन्हाचा तर विचारच नको. समुद्रच बघायचा असेल तर तो अक्रालाही आहे.

मामांविषयी लिहिताना हात कापतो. ते आता कोणाला ओळखत नाहीत. दिवसभर स्टेशनांची नावे बडबडतात. अशा माणसाचे देणे हे देणे नव्हे, हे आपल्यासारख्या शिकलेल्या व्यक्तीला मी सांगायला नको. ती मासेवाली आपल्या पुण्याईचा वापर करून घेऊ पाहते आहे. आपण मुख्याध्यापिका होता. तिच्या अंगणात, धुरात, चारचौघींत आपण बसावे हे आम्हा भाचरांना शोभत नाही. छपराच्या पत्र्यांविषयी आपल्या मनात काही असेल, तर ते पत्रे आता गंजले. मामांच्या माघारी आपल्याला उत्तम कापडाचा एक जोड पाठवण्याचे मी मनात योजले आहे.

कळावे, कृपा असावी, आणि उन्हात बाहेर पडू नये, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
क्वेसी


अक्रा,
३ मार्च १९७८

क्वेसीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. इतकं शुद्ध पत्र माणसाने पुष्कळदा खोडून लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा खोडतो तो घाबरलेला असतो.

मी येणार नव्हते. अजोआला परवाच तसं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, आई, दोन तासांवर आहे ग. मी म्हटलं, दोन मिनिटांवर असतं तरी नाही. मग तुझं पत्र आलं. ते दोनदा वाचलं आणि जावयाला विचारलं, अंकामूला जाणारी पहिली गाडी किती वाजता सुटते.

माणूस जिवंत असताना त्याच्या माघारी काय करायचं ते तू योजून ठेवलंस, आणि मला कापडाचा जोड! तुला पहिल्यांदा अंगाला कापड लागलं ते माझ्या हातचं होतं. तुझ्या आईला विचार. मंगळवारी होड्या निघत नाहीत, तेव्हा बाहेर जायचं निमित्त तुला नाही. घरी थांब. आईलाही घेऊन ये.

अक्राचा समुद्र मी रोज गच्चीवरून बघते आहे. चांगला आहे. पण तो बघून माझं तुझ्याशी असलेलं काम होणार नाही.

मामी


आपाम,
१० मार्च १९७८

थोरल्या बाई यांस,
नमस्कार वि. वि.

हे पत्र मिठाच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. तो अक्राला माल टाकून उद्या परत निघेल, त्याच्याजवळच उत्तर द्या.

मंगळवारी तुम्ही गेलात आणि बुधवारपासून क्वेसी गावभर सांगत सुटलाय की दोन सवतींनी मिळून आजारी माणसाकडून फडक्यांचा खेळ करवून घेतला. क्वान्सा आजोबा म्हणाले, घडलं ते लिहून काढ, थोरली वाचून सही करील, कागद चर्चच्या पेटीत ठेवू. म्हणून तुम्ही डोळ्यांनी बघितलेलंच तुम्हाला लिहून पाठवतेय. चुकलं असेल तिथे लाल करा.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास थोरल्या बाई फाट्यावरून मिठाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. टाचांचे बूट होते आणि हातात छत्री. मी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. आधी मान वर करून छपराकडे बघितलं. अंगणात क्वान्सा आजोबा, घराण्यातले आणखी दोघे वडील, क्वेसी, त्याची आई म्हणजे यांची सख्खी बहीण, आणि ताकोराडीहून आलेला जोजो. भट्टीवरच्या चाळीस बायका न बोलावता येऊन कुंपणाशी उभ्या होत्या. आम्ही यांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. थोरलीला बघून हे म्हणाले, डंक्वा. थोरलीचा चेहरा राखेसारखा झाला. दुसऱ्या कोणी बघितलं नाही, मी बघितलं.

क्वान्सा आजोबांनी रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, कोबिना, हे घर तू कोणाला देतोस? तिन्ही वेळा यांनी स्टेशनं सांगितली. क्वेसी हसला. म्हणाला, ज्याला पाणी मागता येत नाही तो घर देतो म्हणे! तोंडात शब्द नाही त्याचं देणं नाही, ही रीत तुमचीच ना, आजोबा? त्याच्या आईने टाळी वाजवली. आजोबांनी काठी टेकली आणि उठायला लागले. मी जमिनीवर बसले.

तेव्हा थोरल्या बाई उठल्या. त्यांनी माझ्या डोक्याचा हिरवा रुमाल न विचारता ओढून काढला. क्वेसीच्या आईच्या खांद्यावरचं तांबडं फडकंही ओढलं. दोन्ही यांच्या डाव्या हाताशी मांडीवर ठेवली आणि वडीलधाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, हा बावीस वर्षं गार्ड होता. याच्या सांगण्यावरून एवढी मोठी गाडी हलायची आणि उभी राहायची, ते सांगणं तोंडाने नव्हतं. तांबडं म्हणजे थांब, हिरवं म्हणजे जा. याला तोंडाने विचारा, तो हाताने सांगेल. एवढी वर्षं याने कधी चुकीचं निशाण... असं म्हणून त्या मध्येच थांबल्या. आम्हाला वाटलं, राग आला.

आजोबांनी आधी पारख केली. आज रविवार आहे का? यांनी तांबडं उचललं. तुझी बहीण इथे बसली आहे का? हिरवं. मी मेलो आहे का? सगळे हसले. यांनी तांबडं उचललं आणि यांचंही अर्धं तोंड हसलं. मग विचारलं, घर भाच्याला देतोस? तांबडं असं उचललं की खुर्ची करकरली. पाचही मुलांना देतोस? हिरवं. तीनदा विचारलं, तीनदा हिरवं. मुलांनी बाटली ठेवली, अजोआच्या वतीने थोरल्या बाई वाकल्या. आजोबांनी चार थेंब जमिनीला दिले. क्वेसी स्टूल लाथाडून गेला. कोर्टात बघतो म्हणाला.

इथपर्यंतचं सहीसाठी. खालचं वेगळ्या कागदावर आहे, ते आपल्या दोघींतलं.

सगळ्या गावासमोर तुम्ही माझं डोकं उघडं केलंत. मी रांधलेलं शिवलंही नाहीत, पिशवीतला पाव काढून खाल्लात. ते गिळलं. पण दुपारी मला पाण्याला पाठवलंत आणि मी नळावरून येते तो दार आतून बंद. भात शिजेल एवढा वेळ ते दार बंद होतं. मग बाहेर आलात, छत्री उघडलीत आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे गेलात.

त्या क्षणापासून यांच्या तोंडून एक स्टेशन निघालं नाही. डंक्वा तर नाहीच. भिंतीकडे तोंड करून पडलेत. तीन दिवस झाले, चमचा ओठाला लावला की दात आवळतात. पेजेचे दोन घोट कसेबसे गेले असतील. तुम्ही माझ्या पोरांना घर दिलंत आणि त्यांच्या बापाला मारून गेलात का? चौदा वर्षांचा सूड एका दुपारी उगवलात, असंच मी धरून चालले आहे. तसं नसेल तर बंद दाराआड काय केलंत ते सांगा.

उत्तराची वाट बघतेय. दुसरं काही मागत नाही.

एकुआ


अक्रा,
११ मार्च १९७८

एकुआस,
आशीर्वाद.

ड्रायव्हर खाली गाडी चालू ठेवून उभा आहे. थोडक्यात लिहिते.

कागदावर सही केली आहे. दोन दुरुस्त्या केल्या. बुटांना टाचा नव्हत्या. आणि बायका चाळीस नव्हत्या, सव्वीस होत्या. कोर्टात असल्या गोष्टींवरून माणूस खोटा ठरतो. क्वेसी जाईलसं वाटत नाही, पण गेला तर मी साक्षीला येईन. तुझं डोकं उघडं केलं त्याची माफी मागणार नाही. हिरवं दुसरं काही नजरेला पडलं नाही.

आता दाराचं. अजोआच्या आधी मला एक मुलगा होता. फिफी. तुला हे माहीत नसणार. अजोआलाही मी कालच सांगितलं. १९५१ साली आमचं बिऱ्हाड डंक्वाच्या स्टेशनामागे होतं. फिफी चौदा महिन्यांचा. ताप चढला, आकडी आली. कंपाउंडर म्हणाला, माझ्याच्याने होत नाही, कुमासीला न्या. दुपारची गाडी स्टेशनात उभी होती आणि त्या दिवशी तिचा गार्ड कोबिनाच होता. मी पोराला पाठीशी बांधलं आणि धावत फलाटावर आले. गाडी नुकती हलली होती. शेवटचा डबा माझ्यापासून वीस पावलांवर. हा दारात उभा, हातात हिरवं निशाण. मी जिवाच्या आकांताने ओरडले. गाडीला आधीच उशीर झाला होता. ती गेली. फिफी दिवेलागणीला गेला.

तो परत आल्यावर म्हणाला, ऊन डोळ्यांवर होतं, तू मला दिसली नाहीस. शपथ घेतली. माझ्या आईने विश्वास ठेवला, त्याच्या आईने ठेवला. मीही ठेवला असं दाखवलं आणि तेरा वर्षं त्याचा डबा भरला. मग तो समुद्राकडे निघून आला. लोक म्हणाले, एका मासेवालीपायी गेला. मी त्यांना तसं म्हणू दिलं. ते मला सोयीचं होतं. तेवढ्यापुरता तुझ्यावर अन्याय झाला. एवढं लिहिते, यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

तू पाण्याला गेल्यावर मी दार लावलं. दोन्ही फडकी त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, डंक्वाच्या फलाटावर त्या दिवशी मी तुला दिसले होते का? त्याने पुष्कळ वेळ हात हलवला नाही. मीही हलले नाही. मग त्याने हिरवं उचललं. खाली ठेवेना. शेवटी मीच ते काढून घेतलं.

मी ओरडले नाही, त्याला बोट लावलं नाही. छत्री घेतली आणि निघाले. माफ केलेलं नाही, आणि तू त्याला तसं खोटं सांगायचं नाही. घरी आल्यावर अजोआने विचारलं, आई, एवढी वाट वाकडी केलीस, जाण्यासारखं होतं का? मी तिला म्हटलं, रस्ता फार खराब आहे.

आता नीट वाच. तो मरत नाही. त्याला लाज वाटते आहे. फिफीला पुरून आल्यावरही तीन दिवस असाच दात आवळून पडला होता. माझ्या हातून घेईना, आईच्या हातून घेईना. चौथ्या दिवशी मी मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा त्याच्या उशाशी ठेवला आणि कपडे घेऊन नदीवर गेले. परत आले तेव्हा ताट रिकामं होतं.

तेव्हा चमचा घेऊन त्याच्या मागे लागू नकोस. माशाचे काटे काढ, केंकी लहान तुकड्यांत मोड, आणि ताट डाव्या हाताला पोचेल असं ठेव. पाण्याचं भांडं जवळ ठेव. पोरांना बाहेर काढ, धाकट्यालाही. मग तू स्वतः भट्टीवर जा आणि मासे परतत राहा. दोन तास तरी घरात पाऊल टाकू नकोस. दारातून वळून बघू नकोस. कोणी बघतंय असं वाटलं तर तो खाणार नाही.

ड्रायव्हर भोंगा वाजवतो आहे. त्याने खाल्लं की कळव. नाही खाल्लं तर त्याच दिवशी कळव.

लोभ मी मागत नाही, तूही मागू नकोस.

अराबा